महालातून बर्डीपर्यंत : एका झरणीची ओळख

नागपूर शहराची ख्याती परगावी संत्र्यांमुळे, वैशाखातील उन्हामुळे आणि विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनामुळे झालेली आहे. परंतु हे शहर दीर्घकाळ लेखणीवर जगले, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. भोसल्यांच्या अमदानीत महालातील दफ्तरे बोरूने मोडीत लिहिली जात. १८५३ साली राजा निपुत्रिक वारला व राज्य खालसा झाले. १८६१ साली मध्यप्रांत निर्माण होऊन नागपूर त्याची राजधानी ठरले. १८६७ साली आगगाडी येथे येऊन पोचली. पुढे सचिवालय, महालेखापालांची कचेरी, १९२३ साली स्थापन झालेले विद्यापीठ आणि १९३६ साली सुरू झालेले उच्च न्यायालय अशी एकामागून एक लिहिणाऱ्यांची वस्ती येथे वाढत गेली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि नागपूरचे राजधानीपण गेले. कचेऱ्यांचे कागद कोणी भोपाळास नेले, कोणी मुंबईस नेले. कारकून, वकील व शिक्षक यांच्या खासगी पेट्या मात्र येथेच राहिल्या. त्यामुळे महालातील किंवा धंतोलीतील एखाद्या जुन्या घरी माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडली असता तीत तपकिरीची डबी, चष्म्याचे घर आणि एखादी बंद पडलेली झरणी सापडावी, यात नवल काही नाही.

झरणी हा शब्द सांप्रतच्या मुलांस ठाऊक नसेल. फाउंटन पेनास आमच्या लहानपणी वडीलधारी मंडळी याच नावाने ओळखीत. टाक दौतीत बुडवावा लागतो. झरणीच्या पोटातच शाईचा झरा असतो. किती समर्पक शब्द, आणि तो आम्ही किती सहज हातचा घालवला! असो.

आमचे एक शाळासोबती महालात वडिलोपार्जित वाड्यात राहतात. गेल्या माघात त्यांच्या कन्येचे लग्न ठरले. त्यांच्या आत्याबाई आज ब्याण्णव वर्षांच्या आहेत. घरात त्यांचा शब्द खाली पडत नाही. त्यांनी इच्छा दर्शविली, की टेकडीच्या गणपतीला जी पहिली पत्रिका जाईल, तिजवरील मजकूर छापील नसावा. तो त्यांच्या वडिलांच्या, म्हणजे दादांच्या, झरणीने नातीने स्वहस्ते लिहावा. झरणी पेटीतून निघाली. परंतु ती साठ-सत्तर वर्षांत कागदास लागलेली नव्हती.

या झरणीसंबंधी घरात एक परंपरागत समजूत होती. दादा १९२२ साली सचिवालयात कारकून म्हणून लागले. १९३० साली मध्यप्रांतात जंगल सत्याग्रह झाला तेव्हा त्यांनी नोकरी सोडली, घरातील विलायती कापडाची होळी केली, आणि पुढे काही वर्षे वर्ध्यास मगनवाडीत हिशेब लिहिण्याचे काम केले. म्हणून सर्वांनी धरून ठेवले होते, की ही झरणी वर्ध्याची, स्वदेशी, गांधीजींच्या हाताखालून आलेल्यांपैकी असावी. आमच्या मित्राच्या धाकट्या बंधूंनी तर पत्रिकेच्या पाठीमागे तसा दोन ओळींचा मजकूर छापण्याचेही योजले होते.

ही समजूत अगदीच निराधार नव्हती, हे येथे सांगितले पाहिजे. आंध्रातील राजमहेंद्री येथे कोसूरी व्यंकट रत्नम् नावाच्या कारागिराने १९३० नंतरच्या दशकात देशी झरण्या करण्यास आरंभ केला. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना १९३४ च्या अखेरीस वर्ध्यास झाली होती व डॉ. जे. सी. कुमारप्पा हे त्याचे प्रमुख कार्यकर्ते होते. रत्नम् यांची झरणी कुमारप्पांच्या हस्ते गांधीजींकडे पोचली. १६ जुलै १९३५ रोजी गांधीजींनी वर्ध्याहून रत्नम् यांस पत्र लिहून आभार मानले, आणि आपण ती वापरून पाहिली असून बाजारात दिसणाऱ्या परदेशी लेखण्यांस ती चांगला पर्याय वाटते, असा अभिप्राय कळविला. नागपूरहून वर्धा जेमतेम पाऊणशे किलोमीटर. तेव्हा मगनवाडीत हिशेब लिहिणाऱ्या गृहस्थाच्या खिशात तशी झरणी असणे असंभवनीय नव्हते. परंतु असंभवनीय नसणे आणि असणे यांत अंतर आहे, एवढे आम्ही चाळीस वर्षे मुलांस शिकवीत आलो.

त्यातच झरणी दुरुस्तीसाठी प्रथम ज्या दुकानी दाखविण्यात आली, तेथील गृहस्थांनी ती हातात घेऊन न घेतल्यासारखे केले, आणि "आतला दांडा काढून टाकू व बॉलपेनची कांडी बसवून देऊ, दिसायला जशीच्या तशी राहील," असा सल्ला दिला. आमच्या मित्रास हे पटेना, म्हणून ते झरणी घेऊन आमच्याकडे आले. आम्हांस जुन्या लेखण्यांचा थोडा छंद आहे, हे त्यांस ठाऊक होते.

संस्कृतात ओळखीला अभिज्ञान म्हणतात. कालिदासाच्या शकुंतलेची सारी कथा एका अंगठीच्या ओळखीवर फिरते. वस्तूची दुरुस्ती करावयाची तर तिची ओळख आधी पटली पाहिजे. ज्याची रचना ठाऊक नाही, त्याला हात घालणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे होय. म्हणून आम्ही प्रथम झरणी उघडलीच नाही; दोन दिवस नुसती पाहिली.

पहिली गोष्ट पदार्थाची. नळी तळहातावर जोराने घासून किंचित ऊन केली तेव्हा रबराचा व गंधकाचा उग्र वास आला. सेल्युलॉइड असते तर कापराचा वास आला असता. तेव्हा ही एबोनाइटची झरणी, हे निश्चित झाले. रबरात त्याच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास गंधक घालून ते बराच वेळ तापविले म्हणजे शिंगासारखा काळा व कठीण पदार्थ तयार होतो, तो एबोनाइट. उजेडाने व ओलाव्याने याचा काळा रंग उडून तो शेवाळी-तपकिरी होतो. आमच्या हातातील झरणीची नळी अशीच शेवाळी झालेली होती. टोपण मात्र काळेभोर! एकाच लेखणीचे दोन भाग शंभर वर्षे एकत्र राहून एक म्हातारा व एक तरुण कसा, हा प्रश्न तेथेच उपस्थित झाला.

दुसरी गोष्ट कारागिरीची. नळीवर यंत्राने कोरलेल्या बारीक नागमोडी रेघा होत्या. टोपण साफ गुळगुळीत होते, त्यास खिशात अडकविण्याची पट्टीही नव्हती. भिंगातून पाहता टोपणाच्या आतील आटे किंचित वाकडे, हाताने चालविलेल्या चरकावर कापलेले दिसले. नळीचे आटे मात्र एकसारखे व रेखीव होते.

तिसरी गोष्ट अक्षरांची. जुन्या लेखणीवरील ठसा समोरून पाहिला तर दिसत नाही. खोली अंधारी करून दिव्याचा उजेड नळीवर अगदी आडवा पाडावा लागतो. म्हणजे झिजलेल्या अक्षरांच्या कडांची सावली पडते. तसे करताच नळीच्या मध्यावर इंग्रजी अक्षरे उमटली : ओनोटो, आणि खाली थॉमस डी ला रू, लंडन. सोन्याच्या निबेवरही तेच नाव होते. संशयास जागा उरली नाही.

ही लंडनची कंपनी झरण्यांकरिता प्रसिद्ध होण्यापूर्वीच आमच्या घरोघर पोचलेली होती, पण निराळ्या वेषात. १८५५ पासून जवळजवळ सत्तर वर्षे हिंदुस्थानची टपाल तिकिटे हीच कंपनी छापून पाठवीत असे. १९२५-२६ च्या सुमारास नाशिकच्या सरकारी छापखान्यात तिकिटे छापू लागली तेव्हा तो ओघ थांबला. ओनोटो झरणी या कंपनीने १९०५ साली बाजारात आणली. जपानात तिचा मोठा बोलबाला झाला. तेथील विख्यात कादंबरीकार नात्सुमे सोसेकी हीच झरणी वापरीत असत.

तिची भरण्याची रीत इतर झरण्यांहून वेगळी आहे, आणि तीच आमच्या कथेतील ग्रंथी आहे. तत्पूर्वीच्या झरण्या ठिबकनळीने थेंब थेंब भराव्या लागत. पुढे रबरी पिशवीच्या व बाजूच्या खटक्याच्या झरण्या आल्या. ओनोटोत पिशवी नाही. नळीच्या मागील टोकास एक घुंडी असते. ती सोडवून ओढली की तिजबरोबर एक लांब दांडा बाहेर येतो. दांड्याच्या आतील टोकास नळीत घट्ट बसणारा वायसर असतो. निब शाईत बुडवून दांडा आत दाबला की वायसराच्या मागे निर्वात पोकळी होते. वायसर तळाशी पोचतो तेथे नळी किंचित रुंद केलेली असते, त्यामुळे अडलेली वाट एकाएकी मोकळी होते आणि बाहेरील हवेच्या दाबाने शाई धावत आत शिरते. एका दमात सारी नळी भरते. पुन्हा युक्ती अशी, की घुंडी घट्ट आवळली म्हणजे दांड्याचे टोक निबेकडील वाट बंद करते. त्यामुळे प्रवासात शाई गळत नाही. लिहिण्याच्या वेळी मात्र घुंडी थोडी सैल करावी लागते.

ओळख पटली, आता कारागीर हवा होता. नागपुरात अशी कामे जाणणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत. त्यांपैकी एक बर्डीच्या एका गल्लीत जिन्याखाली बसतात. आम्ही व आमचे मित्र वाड्यातून पायीच निघालो. बडकस चौक ओलांडला, पूर्वीचा जुम्मा दरवाजा म्हणजे आजचे गांधी गेट मागे टाकले, आणि गांधीसागराच्या काठाने कॉटन मार्केटाकडे वळलो. गोंड राजांच्या काळचे हे तळे आजही शहराच्या मध्यावर आभाळ धरून आहे. लोहापुलाखालून जाताना वर आगगाडीचा गडगडाट झाला. पुढे सीताबर्डीची टेकडी. १८१७ च्या नोव्हेंबरात याच टेकडीवर भोसल्यांचे स्वातंत्र्य हरपले. आज तिच्या पायथ्याशी मेट्रोचे भव्य स्थानक उभे आहे. त्या स्थानकाच्या सावलीत, घड्याळे, चष्मे व मोबाइल यांच्या दुकानांच्या दाटीत, हात-दीड हात रुंदीच्या फळीवर आमचे कारागीर भिंग लावून बसलेले होते.

त्यांनी झरणी हातात घेतली, घुंडी फिरवून पाहिली, आणि घाई न करता सर्व सांगितले. घुंडी दांड्यास एका बारीक आडव्या खिळीने जडविलेली असते. ती खिळी त्यांनी सुईसारख्या हत्याराने अलगद ठोकून काढली. निबेकडील मूठ नळीत चिकटून बसली होती. तिला त्यांनी पाणी लावले नाही, कोरड्या गरम हवेची धग दिली व बोटांनीच फिरविली. ऊन पाण्यात बुडविली असती तर उरलासुरला काळा रंगही उडाला असता, आणि पक्कडीने धरली असती तर नळी तडकली असती. दांडा पुढून बाहेर आला. मागील टोकास दांड्याभोवती जे बूच असते, त्याचा केवळ भुगा राहिला होता. वायसर वाळून चामड्यासारखा कडक झाला होता. निब व तिच्याखालची काळी पट्टी, जिला ते जीभ म्हणत, थंड पाण्यात रात्रभर ठेवण्यास त्यांनी आम्हांस सांगितले. सकाळी वाटीतील पाणी गडद निळे झाले होते. दादांनी शेवटची भरलेली शाई ती हीच!

चौथ्या दिवशी झरणी तयार झाली. बुचाच्या जागी रबरी कडे व नवा वायसर एवढेच नवे घातले. निब, जीभ, नळी, सर्व मूळचे. निबेचे टोक डाव्या अंगाने किंचित झिजलेले होते. ते घासून सारखे करू का, असे त्यांनी विचारले. आम्ही नको म्हटले. ते टोक दादांच्या हाताने झिजविलेले होते. मजुरीचे साडेचारशे रुपये देऊन आम्ही परतलो.

वाड्यात सर्व मंडळी जमली. झरणी भरली, नातीने लिहिण्यास आरंभ केला, आणि तिसऱ्या ओळीत शाई थांबली. सर्वांचे चेहरे उतरले. बंधूराजांनी तर ते बॉलपेनच बरे होते, असे बोलूनही दाखविले. आमच्या मित्रांनी कारागिरांस दूरध्वनी लावला. पलीकडून शांत आवाज आला : "मोडलं नाही जी, कोंडलं हाय. मागची घुंडी दोन आटे सैल करा, मंग पाहा." तसे करताच शाई पुन्हा वाहू लागली. कदाचित साठ वर्षांपूर्वी ही झरणी पेटीत गेली तीही याच कारणाने गेली असेल. दादांच्या पश्चात घुंडी सैल करावयाची, हे घरात कोणास माहीत नव्हते.

आता अवघड भाग राहिला होता. झरणी विलायती आहे, हे सांगावयाचे होते. "लग्नघर आहे, चार दिवस थांबा, मग सांगा," असे आमच्या मित्रांनी सुचविले, आणि त्यांचा हेतू वाईट नव्हता. परंतु मजकूर छापावयास जाणार होता. कागदावर एकदा छापलेली चूक पुढील पिढी पुरावा म्हणून दाखविते. म्हणून आम्ही आत्याबाईंच्या शेजारी बसून, दिवा आडवा धरून, तो ठसा त्यांस दाखविला व अर्थ सांगितला.

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मास्तर, घरातले सगळे विलायती कापड दादांनी अंगणात जाळले, असे आई सांगत असे. आजीची शालसुद्धा सोडली नाही. मग ही का ठेवली?"

या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. जे होते ते झरणीपाशीच होते. आम्ही त्यांस टोपण दाखविले. ते लंडनचे नव्हे. मूळचे फुटले वा हरवले असेल, आणि दादांनी कोणा देशी चरकवाल्याकडून हे कातून घेतले असावे. ते राजमहेंद्रीचे काय, असे बंधूराजांनी आशेने विचारले. त्यावर नाव कोरलेले नाही. ज्यावर नाव नाही त्यास आपण नाव देऊ नये, असे आम्ही म्हणालो.

आत्याबाईंनी टोपण हातात घेऊन उलटसुलट केले. "दादा आलेली पाकिटे उलटवून पुन्हा चिकटवीत आणि त्यांतून पत्रे पाठवीत," त्या म्हणाल्या. "त्यांनी हिच्यासाठी दुसऱ्यांदा विलायतेला पैसा जाऊ दिला नाही, एवढे खरे ना? मग लिही ग, पुढे लिही." नात लिहू लागली. छापावयाच्या मजकुरावर बंधूराजांनी स्वतःच रेघ मारली.

आत्याबाईंचे ते वाक्य आमच्या मनात राहिले आहे. स्वदेशी म्हणजे विकत घेताना देशी घेणे, एवढाच अर्थ आपण बहुधा करतो. जे घरात आले आहे ते झिजेपर्यंत चालविणे, मोडले तर शेजारच्या कारागिराच्या हातून नीट करून घेणे, हाही त्याचाच अर्थ असला पाहिजे. झरणी लंडनची, टोपण कोणा अनाम देशी हाताचे, आणि नवा वायसर बर्डीच्या जिन्याखालचा. असे तिचे तीन जन्म झाले. पहिल्या जन्मीची झरणी विलायती, म्हणून पुढील दोन खोटे ठरत नाहीत.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी अशी एखादी पेटी असेल. त्यांच्यासाठी चार शब्द लिहून हा लेख पुरा करतो. झरणी सापडली की ओढाताण करू नये. प्रथम वास, रंग, आटे व ठसा पाहावा. ठसा सांपडल्यास लगेच टिपून ठेवावा. नळी पॉलिश करू नये, त्याने अक्षरे पुसली जातात. एबोनाइट पाण्यात भिजत टाकू नये. निब व जीभ मात्र थंड पाण्यात खुशाल ठेवावी. सेल्युलॉइडची असेल तर दिव्याजवळही नेऊ नये, कारण तो पदार्थ चटकन पेट घेतो. चित्रकलेची काळी शाई किंवा डिंक-काजळाची घरगुती शाई कधीही भरू नये; ती बोरूस उत्तम, परंतु झरणीच्या बारीक वाटा कायमच्या बुजवते. झरणीची साधी पातळ शाईच वापरावी. ती पूर्वी आपल्याकडे परदेशातून येई. १९३१ साली मुंबईस दांडेकर बंधूंनी शाईचा जो उद्योग आरंभिला, तो कॅमलिन या नावाने पुढे घरोघर पोचला. वापर नसेल तेव्हा झरणी रिकामी करून, धुऊन, वाळवून ठेवावी.

आणि सर्वांत महत्त्वाचे, झरणीबरोबर एक चिठ्ठी ठेवावी : ही कोणाची, कोणत्या कारखान्याची, कोणी केव्हा नीट केली, आणि घुंडी कोणत्या बाजूस किती फिरवावयाची. महालातील त्या पेटीत आता अशी चिठ्ठी आहे. ती त्याच झरणीने लिहिलेली आहे.